निकालापूर्वींचा उपभोग

एखाद्याची वस्तु संशयावरून सरकारजमा व्हावी, आणि मालकीचा शेवटचा निकाल लागण्यापूर्वींच सरकारनें ती वापरून मोडून टाकावी, तर त्यांत अन्याय झाला कीं नाहीं? किंमत भरून दिली म्हणजे झालें, असें व्यवहारी मनुष्य म्हणेल. परंतु पीटरहॉफ नांवाच्या आगबोटीची हकीकत वाचल्यावर या उत्तरानें समाधान होत नाहीं.

सन १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांचें यादवी युद्ध चाललें होतें. दक्षिणेचा कापूस बाहेर जाऊं नये व शस्त्रें आंत येऊं नयेत म्हणून उत्तरेच्या आरमारानें तिच्या बंदरांची नाकेबंदी केली. (याच नाकेबंदीनें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ सालीं तो उतरतांच कित्येक धनिक धुळीस मिळाले, हें आपणांस ठाऊक आहेच.) पीटरहॉफ ही इंग्रज व्यापाऱ्यांची बोट. लंडनहून मेक्सिकोंतील मॅटामोरोसकडे जात असतां, २५ फेब्रुवारी १८६३ रोजीं, वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटानजीक उत्तरेच्या व्हँडरबिल्ट या लढाऊ जहाजानें तिला पकडलें. मॅटामोरोस तटस्थ मुलुखांत खरें. पण रिओ ग्रँड नदी ओलांडली कीं टेक्सास, म्हणजे शत्रूचा प्रदेश. बोटींत तोफखान्याच्या घोड्यांचें सामान, लष्करी बूट, करडीं ब्लँकेटें, नाल, क्विनीन असा माल होता. मेक्सिकोच्या शेतकऱ्यास तोफा ओढण्याचा साज कशाला हवा, असा संशय कोणासही यावा. त्यांतच कप्तानानें एक पुडकें समुद्रांत फेकून दिलें!

बोटीवरील टपालाच्या थैल्यांवरून इंग्लंडशीं वाद झाला, तेव्हां लिंकनच्या सरकारनें त्या न उघडतां परत केल्या. पत्रांचें भाग्य बोटीस लाभलें नाहीं. न्यूयॉर्कच्या न्यायालयानें ती जप्त ठरविली. वरिष्ठ न्यायालयाचा शब्द अद्याप व्हावयाचा होता. तोंच आरमारानें ती विकत घेऊन तोफा चढविल्या आणि उत्तर कॅरोलिनांतील विल्मिंग्टन बंदरापुढें उभी केली. नाकेबंदी मोडल्याच्या आरोपावरून धरलेली बोट नाकेबंदीची पहारेकरीण झाली. ६ मार्च १८६४ रोजीं स्वपक्षाच्याच मॉन्टिसेलो जहाजाची धडक बसून ती बुडाली.

युद्ध संपल्यावर सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, नाकेबंदी रिओ ग्रँडच्या मेक्सिकोकडील वाटेस लागूच नव्हती. शत्रूसाठीं नेलेला लष्करी माल व त्याच मालकांचा इतर माल तेवढा जप्त. कप्तानाच्या वर्तनाबद्दल खर्च वसूल करून बोट मात्र परत द्यावी. बोट तर केव्हांचीच समुद्राच्या तळाशीं गेली होती.

धक्क्यास बांधून बोट कुजवणें कोणाच्याच हिताचें नव्हे, विक्रीचे पैसे तिच्या जागीं उभे राहतात, हा कायद्याचा युक्तिवाद मला मान्य आहे. युद्धावर नफा मिळवूं पाहणाऱ्या त्या व्यापाऱ्यांविषयीं मला फारसा कळवळाही नाहीं. माझी हरकत निराळी आहे. पकडलेल्या बोटीच्या किंमतींत पकडणाऱ्या खलाशांचा वाटा असे. आणि ती आपल्या आरमारांत दाखल झाल्यावर ती निर्दोष ठरावी, अशी इच्छा कोणत्या अधिकाऱ्यास राहील? भावाच्या विधवेची जमीन सांभाळावयास घेतलेला दीर दोन सुगी काढल्यावर कागदपत्र शोधण्याचें सोडून देतो. तो लबाडच असतो असें नव्हे. उपभोगानें त्याची बुद्धि हळूहळू बदलते, आणि हें त्याचें त्यालाही कळत नाहीं.

म्हणूनच निकाल लिहिणारा सरन्यायाधीश सॅल्मन चेज लक्षांत राहतो. बोट धरली त्या वेळीं हा गृहस्थ लिंकनच्याच मंत्रिमंडळांत खजिन्याचा मंत्री होता. जिंकल्यावर उदार होणें सोपें, विजय अनिश्चित असतां त्यानें असें लिहिलें असतें काय, ही शंका रास्त आहे. परंतु १८६३ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायाधीशापुढेंही तोच नकाशा होता, आणि त्यावर १८४८ च्या तहानें सरहद्द ठरलेली तीच नदी होती.