किल्ली कोणाच्या हाती?



एखाद्या कामात आपण वर्षानुवर्षे राबतो आणि एक दिवस मनात येते, 'मी नसलो तर हे सारे कोलमडेल.' ही जबाबदारीची जाणीव की अहंकार?

मोशेलाही या प्रश्नाला सामोरे जावे लागले. निर्गमाच्या १८व्या अध्यायात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला बजावतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. काम वाटून दे. मोशे ऐकतो. पुढे एलदाद आणि मेदाद छावणीतच संदेश देऊ लागतात, तेव्हा यहोशवा अस्वस्थ होतो. त्यांना थांबवा, असे तो म्हणतो. मोशेला मात्र त्यांचा हेवा वाटत नाही. देवाचा आत्मा सर्वांनाच लाभावा, अशी त्याची इच्छा असते (गणना ११).

खरी कसोटी शेवटी आली. यार्देनेपलीकडचा तो देश मला पाहू दे, अशी त्याने देवाला विनवणी केली. ती मान्य झाली नाही. उलट यहोशवाला धीर दे, त्याला बळकट कर, अशी आज्ञा झाली (अनुवाद ३). जे आपल्याला मिळणार नाही ते ज्याला मिळणार, त्यालाच आपल्या हातांनी उभे करायचे! मोशेने यहोशवावर हात ठेवले आणि नबो डोंगरावरून तो देश दुरूनच पाहिला.

संत थॉमस अॅक्विनास शिकवतात की समाजाचे हित सोडून स्वतःचे हित पाहणारा राज्यकर्ता जुलमी ठरतो. आम्हांला वाटते, सेवेच्या नावाखालीही स्वहित शिरू शकते. काम देवाचे असते, पण ते 'माझ्याच' हातून व्हावे असा हट्ट असतो.

२०१३ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपली शक्ती कमी पडत असल्याचे सांगून पद सोडले. आम्हां धर्मगुरूंनाही ७५ वर्षे पूर्ण होताच राजीनामा सादर करण्याची विनंती ख्रिस्तसभेचा कायदा करतो. पद हे आपल्याकडे सोपवलेले असते, आपल्या मालकीचे नसते.

आपल्या धर्मग्रामातही गायनमंडळ आहे, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, समूहांच्या सभा आहेत. त्या कपाटांच्या किल्ल्या किती वर्षे एकाच खिशात आहेत? तरुण पुढे येत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. पण पुढे आलेल्याची पहिली चूक आपण किती प्रेमाने पोटात घालतो? आम्हीही हा प्रश्न आधी स्वतःलाच विचारीत आहोत.

या आठवड्यात प्रत्येकाने एक यहोशवा शोधावा, त्याला एक काम सोपवावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. मग थोडे मागे उभे राहावे. आपल्याशिवायही काम चाललेले पाहण्यातला आनंद प्रभू आपल्याला देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू