निरोपाची भाषा आणि क्रिटोचा प्रश्न

निरोप घेताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. एरवी या संकेताकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु साठ वर्षांच्या मैत्रीनंतर दोन वृद्ध मित्रांची भेट संपत असते, ही भेट अखेरची हे दोघेही जाणून असतात, तेव्हा त्या 'येतो'चे नैतिक स्वरूप काय? जन्मभर एकमेकांशी खरे बोलणाऱ्यांनी शेवटी असत्याचा आश्रय घेतला, असे म्हणावयाचे काय?

परोपकारासाठीही खोटे बोलण्याचा अधिकार कांटने १७९७ मध्ये नाकारला. मात्र सौजन्याच्या शब्दांनी कोणी फसत नाही, ही शक्यता त्यानेही विचारात घेतली होती. ऑस्टिनच्या वाक्कृतीच्या विवेचनानंतर उत्तर अधिक सोपे वाटते : 'येतो' हे विधानच नव्हे, ती कृती आहे, तिला सत्यासत्याचा निकष लागत नाही. हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. कृतीही मित्राचे तोंड बंद करू शकते. मरणाविषयी बोलू पाहणाऱ्याला 'छे, काहीतरीच काय' म्हणणारा मित्र खोटे बोलत नसेलही, पण तो त्याला एकटे टाकतो.

येथे प्लेटोचा 'फीडो' पुन्हा वाचावा. इ.स.पू. ३९९ मधील त्या दिवसाची चर्चा बहुधा आत्म्याच्या अमरत्वाच्या युक्तिवादांभोवती, म्हणजे सिमिअस आणि सेबिस यांच्या आक्षेपांभोवती फिरते. क्रिटो दुर्लक्षित राहतो. तो सॉक्रेटिसच्याच वयाचा, त्याच्याच अलोपेकी या वस्तीतला. म्हणजे सत्तरीला आलेला बालमित्र. युक्तिवाद संपल्यावर तो विचारतो, तुला पुरायचे कसे? सॉक्रेटिस हसतो : इतका वेळ बोलूनही याला पटले नाही की पुरले जाईल ते प्रेत, सॉक्रेटिस नव्हे. भाष्यकारांना यात क्रिटोची बौद्धिक मर्यादा दिसते. ती आहेच. पण ज्याला सिद्धान्त पटलेला नाही, त्यालाच मित्राच्या देहाची काळजी आहे, हेही संहितेत आहे. सूर्य अजून डोंगरांवर आहे, घाई कशाला, असेही तोच म्हणतो. अश्रू आवरेनासे होतात तेव्हा उठून बाहेरही जातो.

लक्षणीय गोष्ट अशी की सॉक्रेटिस त्याची चूक दुरुस्त करतो, पण त्याला दूर लोटत नाही. उशीर करण्याची विनंती नाकारतो. मात्र पुरण्याचे काम त्याच्यावरच सोपवितो, तुला रुचेल तसे कर म्हणून. दोघांचे मतैक्य झालेले नाही आणि ते झाल्याचा बहाणाही कोणी करीत नाही. 'येतो' म्हणणाऱ्याकडून अपेक्षा करावयाची ती एवढीच : शब्द संकेताचा असो, पण समोरच्याला दुसरे काही म्हणावयाचे असेल तर ते ऐकण्यापुरते उंबऱ्यात थांबावे.

क्रिटो थांबतो. अस्क्लेपिअसला द्यावयाच्या कोंबड्याचे शेवटचे सांगणे त्यालाच उद्देशून येते. होईल, आणखी काही? असे तो विचारतो. उत्तर येत नाही. मित्राचे तोंड आणि डोळे तो मिटतो. ही हकिगत सांगतो तो तरुण फीडो. क्रिटोच्या तोंडून प्लेटोने ती कोठेही वदविलेली नाही.