अठरा पार

गोल्फचा चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो आणि या खेळातली सारी अस्वस्थता त्या निश्चलतेतूनच जन्म घेते. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. फलंदाजाला विचार करायला फुरसत नसते. गोल्फमध्ये आरंभ आपणच करायचा असतो. एका स्विंगला, म्हणजे क्लब फिरवून चेंडू मारायला, जेमतेम दीड सेकंद लागतो. चार तासांच्या फेरीत सत्तर फटके धरले, तरी प्रत्यक्ष खेळ दोन मिनिटांचाही भरत नाही. बाकीचा सगळा वेळ माणूस स्वतःच्या मनाबरोबर चालत असतो.

इंग्लंडचा निक फाल्डो १९८३ मध्ये युरोपीय दौऱ्याच्या क्रमवारीत अव्वल होता. मात्र सर्वोच्च स्पर्धांच्या अखेरच्या टप्प्यात तो ढेपाळायचा आणि वृत्तपत्रे त्याची टवाळी करायची. कच्च्या मनाचा म्हणून त्याची संभावना झाली. त्याने दोष आधी तंत्रात शोधला. त्याचा स्विंग लांब, डौलदार, पण अचूक वेळेवर फार विसंबलेला होता. ताणाने स्नायू आखडले की असा स्विंग सर्वांत आधी बिघडतो. १९८५ पासून डेव्हिड लेडबेटर या प्रशिक्षकाबरोबर त्याने तो मुळापासून मोडून नव्याने बांधायला घेतला. धडाच्या वळणाने हातांना वाट दाखवावी, स्विंग आटोपशीर व्हावा, चेंडू वाऱ्यातही सरळ जावा, एवढ्यासाठी तो रोज शेकडो चेंडू मारत राहिला. विजय आटले. चालता खेळ हातचा घालवला, असे लोक म्हणू लागले.

इथे एक पेच आहे. सायन बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात गोल्फमधल्या पटिंगचा, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलण्याच्या फटक्याचा, अभ्यास होता. मुरलेले कौशल्य दबावाखाली का ढासळते, याचे त्यांचे उत्तर असे: एरवी आपोआप होणाऱ्या क्रियेवर मन पायरीपायरीने पहारा देऊ लागते, आणि त्या पहाऱ्यानेच ती अडखळते. मग स्विंगचा सांधा न् सांधा तपासणाऱ्या फाल्डोचे काय व्हावे? उत्तर काळाच्या विभागणीत आहे. गवई रियाजात पलटा सुटा करून घोटतो. मैफलीत तो गळ्यावर सोपवतो. तपासण्याची वेळ वेगळी, विश्वासाची वेळ वेगळी. त्याच संशोधनातली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते: कॅमेऱ्यासमोर, आपल्याला कुणी पाहत आहे या जाणिवेत ज्यांनी सराव केला, ते पुढे दबावाखाली ढासळले नाहीत. पाहिले जाण्याचीही सवय करावी लागते.

१९ जुलै १९८७. स्कॉटलंडमधले म्युरफील्ड, ओपन स्पर्धेचा अखेरचा दिवस, हवा गार आणि धुकट. आदल्या दिवशी तिशी गाठलेल्या फाल्डोने अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांत, संपवले. ना एक बर्डी (एक फटका कमी), ना एक बोगी (एक फटका जास्त). आघाडीवर असलेल्या पॉल एझिंजरने शेवटच्या दोन्ही होलवर बोगी केली आणि फाल्डो एका फटक्याने जिंकला. त्या फेरीत नेत्रदीपक असे फारसे नव्हते. समोरचा फटका तेवढा आपला मानायचा, हे काम त्याने अठराही होलांवर पार पाडले.

१९९६ च्या मास्टर्स स्पर्धेत अखेरच्या दिवसाच्या सुरुवातीला ग्रेग नॉर्मन फाल्डोपेक्षा सहा फटक्यांनी पुढे होता. त्या दिवशी नॉर्मनने ७८ फटके घेतले, फाल्डोने ६७, आणि फाल्डो जिंकला. नॉर्मन क्लबवरची पकड पुन्हापुन्हा बदलताना दिसत होता. हात आपला निर्णय मनाला घेऊ देत नव्हते की मन हातांना, हे बाहेरून सांगता येणार नाही. तो काही भित्रा नव्हता. त्याच स्पर्धेची पहिली फेरी त्याने ६३ फटक्यांत खेळून मैदानाच्या विक्रमाची बरोबरी केली होती. एवढ्या समर्थ खेळाडूवरही ही वेळ येते, म्हणून ढासळणाऱ्याला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही.

स्टीव्हन प्रेसफील्डने १९९५ मध्ये ‘द लेजंड ऑफ बॅगर व्हॅन्स’ ही गोल्फवरची कादंबरी लिहिली, ती भगवद्गीतेच्या आराखड्यावर. त्यातला खचलेला जुनाह म्हणजे अर्जुन आणि त्याचे क्लब वाहणारा कॅडी म्हणजे सारथी. गीता आणि गोल्फ यांची ही सांगड मला मनापासून पटते. फक्त फलत्याग म्हणजे फळाविषयी उदासीनता, असा अर्थ घेऊ नये. फाल्डोला ती ट्रॉफी जिवापाड हवी होती. त्याने सोडले ते तातडीचे फळ: आजचा विजय, आजचे नाव, आजची शाबासकी. हे तो १९८५ मध्येच करून बसला होता, म्हणून १९८७ मध्ये त्याच्याकडून हिरावून घेण्यासारखे भीतीला फार थोडे उरले होते.

दबावाखालचे स्थैर्य अखेरच्या होलवर मागून मिळत नाही. स्विंग सुधारायला निघणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे: योग्य पद्धतीसाठी काही काळ चारचौघांत वाईट खेळायची माझी तयारी आहे का? ती असेल, तर स्थैर्याची निम्मी साधना तिथेच सुरू झाली. कारण हरताना पाहिले जाणे ज्याने पत्करले, त्याला जिंकताना पाहिले जाण्याचे ओझे होत नाही.