परवान्याची मुदत

तारापूरच्या अणुविद्युत्केंद्राचे पहिले दोन संच १९६९ सालीं सुरू झाले. असल्या प्रकल्पांसाठीं पर्यावरणाची पूर्वपरीक्षा कायद्यानें आवश्यक ठरली ती १९९४ सालीं. म्हणजे समुद्राचें काय होईल, हें आरंभीं विचारण्याचें बंधनच नव्हतें. म्हणून परवाना वाढवितांना केवळ यंत्र तपासणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. ‘आजवर निभावलें’ हा अनुभव झाला. ती संमति नव्हे. वीज महाराष्ट्र-गुजरातेसाठीं, यंत्रें थंड करून तापलेलें पाणी मात्र एकट्या किनाऱ्याच्या वांट्यास. परवान्याची मुदत वर्षांनीं मोजतात. प्लुटोनियमचें अर्धायुष्यच सुमारें चोवीस हजार वर्षांचें! सोलापूरच्या उन्हाळ्यांत पंख्याखालीं बसून आम्ही हें लिहीत आहों, आणि तो पंखा बंद करण्याची आमची तयारी नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. तेव्हां आमच्या मताआधीं तेथील कोळ्यास विचारावें, जाळ्यांत पूर्वीइतकी मासळी येते काय?