युरोप कुणासाठी वाचायचा

फेब्रुवारी 2022मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मराठी वाहिन्यांवर, वर्तमानपत्रांत युरोपच्या अभ्यासकांना एकाएकी मागणी आली. नाटोचा विस्तार, जर्मनीचे रशियन वायूवरचे अवलंबित्व, निर्बंधांची धार यांवर जाणकार भरभरून बोलले आणि त्यातले पुष्कळसे नीट अभ्यासलेले होते. मार्चमध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला 100 डॉलरच्या वर गेला. पॉलिस्टर सुताचा कच्चा माल पेट्रोलियममधूनच निघतो, त्यामुळे त्या भावाची झळ भिवंडीच्या यंत्रमागापर्यंत पोहोचणे अटळ होते. या दोन गोष्टी एकाच युद्धाच्या होत्या, पण त्यांवरची चर्चा कधी एकत्र आली नाही. अभ्यासकाने भिवंडीचे नाव घेतले नाही आणि सूत घेणाऱ्या मागवाल्याला त्या अभ्यासकाकडून काही मिळण्यासारखे आहे असे वाटले नाही. ही दरी पूर्वीपासूनची नाही. दूरच्या युरोपचा अभ्यास करून त्यावर अधिकाराने बोलायचे, ही कल्पना महाराष्ट्रात दीडशे वर्षे जुनी आहे आणि तिचा आरंभ घरच्या प्रश्नातून झाला होता. मधल्या काळात घरचा प्रश्न मागे राहिला, युरोप तेवढा उरला. तो धागा पुन्हा जोडता येईल असे मला वाटते, आणि जोडायचा तर भिवंडीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

पुण्याची सार्वजनिक सभा 1870ची आणि तिचे इंग्रजी त्रैमासिक 1878चे. ‘थिंक टँक’ हा शब्द इकडे यायला तेव्हा बराच अवकाश होता, पण काम तेच चालले होते: आकडे जमवायचे, सरकारी अहवाल वाचायचे, धोरणाची चिकित्सा छापून राज्यकर्त्यांपुढे ठेवायची. त्या काळात न्यायमूर्ती रानडे यांनी कोणते विषय हाताळले ते पाहिले की थक्क व्हायला होते. रशियातल्या भूदासांची मुक्ती, प्रशियाचे जमीनविषयक कायदे, डच सरकारने जावामध्ये राबवलेली शेतीपद्धती, युरोपातल्या जमीन तारण बँका. पुण्यात बसून प्रशियाचे कायदे कशाला वाचायचे, याचे उत्तर त्यांवरच्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच आहे, कारण त्यात प्रशियाच्या जोडीला बंगालचे कूळविषयक विधेयक आहे. 1875मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, 1879मध्ये त्यावर कायदा आला. अशा मुलखात कर्ज, जमीन आणि कूळ हे प्रश्न जिवाचे होते आणि त्यांवर इंग्लंडची वाट हीच एकमेव वाट आहे असे सांगितले जात होते. रानड्यांनी इतर युरोप समोर ठेवून ते खोडून काढले. 1892मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी जर्मन विचारवंतांचा, विशेषतः फ्रीडरिश लिस्ट यांचा आधार घेऊन मांडले, की अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखे लागू होत नाहीत. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज पटतील असे नाही. जावाच्या पद्धतीतली शेतकऱ्यावरची सक्ती आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक टोचते. पण प्रश्न इथला आणि पुरावा तिथला, ही त्यांच्या वाचनाची दिशा कधी चुकली नाही.

कापडाच्या बाबतीत हीच दिशा आणखी धारदार झाली. लँकेशायरच्या गिरणीमालकांचे ब्रिटिश पार्लमेंटवर वजन होते. त्यांच्या दबावाने 1882मध्ये भारतातली सुती मालावरची आयातजकात पूर्ण उठली. पुढे महसुलाच्या गरजेपोटी ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा 1896मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि तिची भरपाई म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर लादला गेला. हा कर 1925पर्यंत टिकला. मँचेस्टरमध्ये काय शिजते आहे हे ज्याला कळत नव्हते त्याला मुंबईच्या गिरणीचा हिशेब कळणे शक्य नव्हते. हे काम करणाऱ्यांत गणेश व्यंकटेश जोशी यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी वेगळे, हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. अर्थसंकल्प आणि व्यापाराच्या आकड्यांवर त्यांची हुकमत अशी होती की गोखल्यांच्या मांडणीमागे त्यांचे कष्ट उभे होते. 1897मध्ये गोखले लंडनला, भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्षीला बसले तेव्हा ब्रिटिश सदस्यांच्या उलटतपासणीत ते आकड्यांच्या बळावर टिकले. युरोपच्या राजकारणावरचे भाष्य इथे युरोपच्याच दालनात पोहोचले होते, आणि त्याची तयारी महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाच्या टेबलावर झाली होती.

पुढची पिढी घराकडे वळली. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून 1930मध्ये गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ यांनी गाव, शहर, हातमाग, सहकार यांच्या पाहण्यांचा पाया घातला. ते वळण आवश्यकच होते. स्वातंत्र्यानंतर नियोजन दिल्लीत होणार होते आणि दिल्लीला पटतील असे आकडे हवे होते. पण त्याच काळात परदेशाचा अभ्यास ही परराष्ट्र खात्याची आणि दिल्लीतल्या संस्थांची मिरास बनली. घरचे आकडे पुण्याकडे आणि बाहेरचे जग दिल्लीकडे अशी वाटणी कुणी ठरवून केली नाही, पण झाली खरी.

या वाटणीचे मोल 1990च्या दशकात मोजावे लागले. ग्रे कापड म्हणजे धुलाई-रंगाई न झालेले, मागावरून उतरलेले कोरे कापड, आणि भिवंडीचा मुख्य माल तोच. नोव्हेंबर 1996मध्ये युरोपीय आयोगाने भारत, पाकिस्तान, चीन, इजिप्त, इंडोनेशिया आणि तुर्कस्तान यांच्या सुती ग्रे कापडावर तात्पुरता अँटी-डम्पिंग कर बसवला. तक्रार युरोपातल्या सूतगिरण्या आणि विणकरांच्या संघटनेची, युरोकॉटनची होती. पण कोऱ्या कापडावर छपाई-रंगाई करणारे युरोपातलेच कारखाने त्याविरुद्ध उभे राहिले, कारण त्यांना स्वस्त कोरे कापड हवे होते. सदस्य देश दुभंगले. मे 1997मध्ये कायमच्या करासाठी लागणारे बहुमत जमले नाही आणि कर गळून पडला. 1998मध्ये पुन्हा तोच खेळ झाला आणि पुन्हा प्रस्ताव पडला. भारताच्या कोऱ्या कापडाची सुटका झाली ती युरोपच्या आतल्या भांडणामुळे. कोणत्या देशात विणकर प्रबळ आहेत आणि कुठे छपाईवाले, हे आधी ओळखून त्याचा उपयोग करून घेणारा अभ्यास यंत्रमागाच्या गावांच्या हाताशी असता, तर ती दोन वर्षे टांगणीवर काढावी लागली नसती.

चादरींचा तंटा याहून बोलका आहे. 1997च्या अखेरीस युरोपने भारताच्या सुती चादरी-अभ्र्यांवर कर लावला. घरच्या बाजारातल्या किमतीपेक्षा परदेशात स्वस्त विकणे म्हणजे डम्पिंग, पण ते मोजायचे कसे? समजा एक चादर इथे 100 रुपयांना आणि तिथे 90ला विकली, दुसरी इथे 100ला आणि तिथे 110ला. सरासरी काढली तर डम्पिंग शून्य. युरोपच्या पद्धतीत दुसऱ्या चादरीचे वरचे दहा रुपये धरतच नसत, त्या जागी शून्य मांडत, आणि मग पहिलीचे दहा रुपये अपराध म्हणून उरत. भारताने हा हिशेब जागतिक व्यापार संघटनेत नेला आणि मार्च 2001मध्ये तिथल्या अपील मंडळाने ही पद्धत नियमबाह्य ठरवली. पुढे अमेरिकेविरुद्धच्या अशाच तंट्यांमध्येही या निकालाचा आधार घेतला गेला. व्यापार मंत्रालय, निर्यातदार आणि वकील यांनी हे यश मिळवले, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र हा तंटा ज्या उद्योगाचा होता, त्याच्या गावात मराठीत, उर्दूत किंवा हिंदीत त्याचा अर्थ सांगणारे चार पानांचे टिपण एखाद्या अभ्यासकेंद्राने काढले असते, तर गोखले-जोशी यांची वाट पुढे गेली असती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की भिवंडीचा बहुतांश माल देशातच खपतो आणि तिचे खरे दुखणे वीजदर, सुताचा भाव आणि जुने माग हे आहे. ते खरे आहे. पण युरोपचा नियम दाराशी येण्यासाठी आपला ताका युरोपात जावाच लागतो असे नाही. बांगलादेशाचे कपडे 2001पासून युरोपात बिनजकात जातात. विणलेल्या कापडाच्या शर्टाला ही सवलत हवी असेल तर कापड त्याच देशात विणलेले असावे, अशी आधी अट होती. 2011पासून ती सैल झाली आणि बाहेरच्या कापडाचा शर्टही बिनजकात जाऊ लागला. ब्रुसेल्समधल्या या एका दुरुस्तीने ढाक्याच्या शिवणकारखान्यांना लागणाऱ्या कापडाची बाजारपेठ खुली केली आणि तिचा सर्वांत मोठा वाटा चीनने उचलला. भारताच्या मागांनी त्यासाठी रुंद पन्ह्याचे, निर्दोष कापड विणायची तयारी करायला हवी होती का, हा भिवंडीचाच प्रश्न होता.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि अधिक वजनाचा. अभ्यासकाने एखाद्या उद्योगाची बाजू घेतली की त्याचा अभ्यास वकिली होतो, स्वतंत्र बुद्धी उरत नाही. ही भीती रास्त आहे, विशेषतः पैसा उद्योगाचाच असेल तेव्हा. पण रानडे सरकारी न्यायाधीश होते, जोशी सरकारी मुख्याध्यापक. दोघांची रोजीरोटी ज्या सरकारवर त्याच सरकारच्या धोरणाची त्यांनी चिकित्सा केली. त्यांचे स्वातंत्र्य निष्कर्षाच्या प्रामाणिकपणात होते आणि प्रश्न कुणाचा घ्यायचा ही निवड त्याआधीची होती. वॉशिंग्टन किंवा ब्रुसेल्समधल्या संस्थांनी मांडलेला विषय उचलून त्यावर मराठीत टिप्पणी करणे, यात ती निवड दुसऱ्याने केलेली असते. 2009मध्ये मुंबईत गेटवे हाउस आणि 2011मध्ये पुणे इंटरनॅशनल सेंटर सुरू झाले, हे मला आशेचे वाटते, कारण दिल्लीबाहेर बसून जगाकडे पाहणारी माणसे त्यामुळे जमली. त्यांच्यापासून भिवंडी काही तासांच्या अंतरावर आहे.

आणि काम वाट पाहते आहे. शाश्वत उत्पादनांसाठीचा युरोपचा नवा कायदा जुलै 2024मध्ये लागू झाला. त्यात वस्तूबरोबर तिच्या निर्मितीची माहिती देणारा डिजिटल दाखला जाईल आणि कापड हा त्यातला अग्रक्रमाचा विषय आहे. आता भिवंडीचा एक ताका घ्या. सूत व्यापाऱ्याचे, ताण्याचा बीम सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवाल्याकडून आलेला, माग तिसऱ्याच्या मालकीचा आणि तो मीटरमागे मजुरीवर चालणारा, चालवणारा कारागीर उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला, पुढची रंगाई आणखी कुठल्या शहरात. प्रत्येकाकडे आपापल्या टप्प्याची नोंद असते, तीही बहुधा वहीत. सबंध ताक्याची कुंडली कुणाकडेच नसते. भारत-युरोप मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी 2007मध्ये सुरू झाल्या, 2013मध्ये थांबल्या, 2022मध्ये पुन्हा सुरू झाल्या. जकात कमी झाली तरी हा दाखला मागितला जाणारच. सायझिंगपासून रंगाईपर्यंतची साखळी कशी नोंदवायची, तिचा खर्च व्यापाऱ्याने सोसायचा की मजुरीवर विणणाऱ्याच्या माथी मारायचा, लहान मागवाल्यांसाठी वेगळी मुदत मागता येईल का, आणि ती मागताना युरोपातल्या कोणत्या देशाचे उद्योग आपल्या बाजूने बोलतील, हे चार प्रश्न घेऊन युरोपच्या एखाद्या अभ्यासकाने भिवंडीच्या धामणकर नाक्यापासून सुरुवात करावी.