थोर कोण?

तुलना हा माणसाचा फार जुना छंद आहे. दोन गवई, दोन लेखक, दोन सुना, कोणीही चालतात. दिवाळीच्या फराळाभोवती चार माणसे जमली, की कुठला तरी तराजू बाहेर निघतोच. तरुण मंडळींच्या तराजूत टेनिसपटूही असतात. रॉजर फेडरर थोर, की राफाएल नदाल? हा प्रश्न खेळाचा दिसतो. पण मला तो नीतीचाही वाटतो.

फेडररचा खेळ पाहताना जगात कष्ट नावाची वस्तू आहे, याचाच विसर पडे. एका हाताने मारलेला त्याचा बॅकहँड म्हणजे सहज घेतलेली तान! नदालची जात वेगळी. हा डावखुरा गडी अंगातले सारे बळ लावून चेंडूला अशी काही फिरकी देई, की लाल मातीवर टप्पा पडताच तो फेडररच्या खांद्यापर्यंत उसळे आणि ती सुंदर तान मध्येच अडखळे. हिरवळीवर चेंडू खालून झपाट्याने येई. तेथे फेडररला रान मोकळे मिळे.

दोघे 40 वेळा समोरासमोर आले. नदालने 24 सामने जिंकले, फेडररने 16. झाला निकाल! पण थांबा. त्यांतले 16 सामने लाल मातीवरचे, आणि त्यांपैकी 14 नदालचे. उरलेल्या 24 सामन्यांत फेडररचे 14, नदालचे 10. जमीन बदलली, की थोरवीही बदलली!

2007 साली स्पेनमधल्या मायोर्का बेटावर एक गंमत झाली. अर्धे मैदान मातीचे आणि अर्धे हिरवळीचे करून दोघांना खेळवले. बाजू बदलताना जोडेही बदलायचे! नदाल जिंकला, पण तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, 12-10 असा. तराजूचा काटा जेमतेम हलला.

मग तुलना करूच नये काय? 'जो तो आपापल्या जागी थोर' हे वाक्य गोड आहे, पण त्यात विचाराचा आळस आहे. माझ्या मते एक माप उरतेच : परक्या जमिनीवर माणूस कसा वागतो? पॅरिसच्या मातीवर फेडरर 2006, 2007, 2008 आणि 2011 अशा चार अंतिम सामन्यांत नदालकडून हरला. 2008 साली तर 6-1, 6-3, 6-0 असा. तरी तो पुनःपुन्हा तेथे गेला आणि 2009 साली तेथलाही विजेता झाला. नदाल विंबल्डनच्या हिरवळीवर लागोपाठ दोनदा फेडररकडून हरला आणि तिसऱ्या वर्षी, 2008 साली, 4 तास 48 मिनिटे झुंजून जिंकला. घरच्या अंगणातल्या विजयांपेक्षा मला हे मोठे वाटतात.

मी शिक्षक आहे. दरवर्षी मुलांच्या गुणांची बेरीज करतो. एकाच्या घरी पुस्तकांचे कपाट असते, दुसऱ्याच्या घरी रात्री दिव्याचीही वाण. गुणपत्रिकेत जमिनीचा रकाना नसतो. आईबापांनी आणि आम्ही मास्तरांनी तो मनात तरी आखायला हवा. शेजारच्या मुलाचे गुण सांगून आपल्या मुलाला खाली पाहायला लावणे सोपे असते. तो कुठल्या मातीवर उभा राहून खेळला, हे पाहायला मात्र माया लागते.

2022 साली लंडनला फेडरर आपला अखेरचा सामना खेळला. तो दुहेरीचा होता आणि जोडीदार होता नदाल. सामना संपल्यावर दोघे शेजारी बसून रडले. कोण थोर, याचा हिशेब त्या घटकेला त्यांच्यापैकी कोणी मांडत असेल, असे मला वाटत नाही.