समोरासमोर बसण्याचे भय

मनुष्य एकान्तात जितका धीट असतो तितका तो चारचौघांत नसतो. पत्रात सहज उतरणारा कठोर शब्द प्रत्यक्ष भेटीत ओठांवर अडखळतो. दूरध्वनीवरून बेधडक दिलेला नकार दारात उभ्या असलेल्या माणसाला देताना जीभ जड होते. हे भय म्हणजे निव्वळ दुर्बलता आहे काय? ते जिंकावे, की त्याचे काही ऐकावे? हा प्रश्न नीतिविचाराचा आहे. आणि तो अनेकांना अनपेक्षित वाटेल अशा एका ठिकाणी, म्हणजे पत्त्यांच्या टेबलावर, फार स्वच्छपणे पाहावयास मिळतो.

पोकर हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजला. त्याच्या आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि पाच पत्ते सर्वांसाठी मध्यभागी उघडे मांडले जातात. प्रत्येकाने पैशाची बोली लावावयाची, दुसऱ्याच्या बोलीशी बरोबरी करावयाची किंवा पत्ते टाकून माघार घ्यावयाची. ज्याचे पत्ते श्रेष्ठ तो जिंकतो. तथापि इतर सर्वांना माघार घ्यावयास लावणाराही जिंकतो, मग त्याचे पत्ते कितीही क्षुद्र असोत. म्हणून ह्या खेळात गणिताइतकेच महत्त्व मनोधैर्याला आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून हा खेळ संगणकाच्या पडद्यावर आला, आणि घरी बसून हजारो डाव खेळलेली एक नवी पिढी तयार झाली. ही माणसे प्रथमच खऱ्या टेबलाशी बसली, तेव्हा त्यांतील अनेकांना आढळून आले की पडद्यापुढे स्थिर असणारा आपला हात येथे कापतो आहे.

ह्या संक्रमणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००३ सालचे आहे. टेनेसी राज्यातील क्रिस मनीमेकर हा २७ वर्षांचा हिशेबनीस अवघे ८६ डॉलर भरून एका ऑनलाइन स्पर्धेत उतरला आणि लास वेगास येथील जागतिक स्पर्धेच्या मुख्य सामन्यात त्याने प्रवेश मिळविला. त्या सामन्याचे प्रवेशशुल्क १०,००० डॉलर होते आणि खेळाडू होते ८३९. मोठ्या प्रत्यक्ष स्पर्धेचा त्याला अनुभव नव्हता. तरी अखेरच्या फेरीत त्याच्यासमोर सॅम फारा हा मुरलेला व्यावसायिक खेळाडू बसला असता, हाती काहीही जुळलेले नसताना मनीमेकरने आपल्या सर्व चिप्स पुढे लोटल्या. फाराजवळ नव्वीची जोडी होती, म्हणजे त्याचेच पत्ते सरस होते. पण त्याने माघार घेतली. मनीमेकर जिंकला आणि २५ लाख डॉलरचा धनी झाला. पुढच्याच वर्षी त्या सामन्यात २,५७६ खेळाडू उतरले. पडद्यावरून टेबलाकडे जाणारी वाट जणू राजरस्ता झाली.

ह्या वाटेवर मनुष्याला जे भय वाटते ते एक नव्हे, तीन आहेत असे विचारान्ती दिसते. त्यांची गल्लत केल्यामुळेच ते जिंकावे की नाही, ह्याचे उत्तर सापडत नाही.

पहिले भय अपरिचयाचे. पडद्यावर यंत्र आपल्यासाठी पुष्कळ काही करते. पाळी नसता खेळू देत नाही, रक्कम मोजून देते, पत्ते जपते. टेबलावर ही सर्व कामे खेळाडूकडे येतात. चिप्स एकदा पुढे सारून मग आणखी भर घातली, तर ती भर ग्राह्य धरली जात नाही. काही न बोलता मोठ्या किमतीची एकच चिप टाकली, तर ती बोली वाढविणे नव्हे, केवळ बरोबरी समजली जाते. आपल्या पाळीला तोंडातून निघालेला शब्द बंधनकारक असतो. तो मागे घेता येत नाही. शिवाय येथे गती मंद असते. पडद्यावर एका टेबलाशी ताशी ६० हून अधिक डाव सहज होतात, आणि अनेक टेबले एकाच वेळी उघडी ठेवता येतात. प्रत्यक्षात ताशी २५ ते ३० डाव होतात. मधल्या रिकाम्या वेळात मन स्वतःलाच कुरतडू लागते.

रॉबर्ट झायोन्क ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली एक मर्मग्राही सिद्धान्त मांडला. इतरांच्या उपस्थितीत मनुष्याचे मुरलेले काम अधिक चांगले होते, आणि अर्धवट शिकलेले काम अधिक बिघडते. म्हणजे प्रेक्षक आपले कौशल्य हिरावून घेत नाहीत. आपल्यात जे मुरले नाही तेवढेच उघडे पाडतात. म्हणून पहिल्या भयावरचा उपाय सरळ आहे. घरी मित्रांसमवेत पत्ते आणि चिप्स हाताळाव्यात, नियम आधी विचारून घ्यावेत, लहान रकमेच्या टेबलाशी बसावे, आपली बोली स्पष्ट शब्दांत उच्चारून मगच हात हलवावा, आणि नवखे असल्याचे टेबलावरील डीलरला निःसंकोच सांगावे. हे भय जिंकण्यात नीतीचा कोणताही अडथळा नाही. प्रथमच व्यासपीठावर उभा राहणारा वक्ता आणि प्रथमच रुग्णाला सुई टोचणारी परिचारिका ह्यांनाही हेच करावे लागते.

दुसरे भय प्रतिष्ठेचे. सारे आपल्याकडे पाहत आहेत, आपला चेहरा सर्व सांगून टाकील, आपण हास्यास्पद ठरू, अशी ही धास्ती असते. तिच्यात अहंकाराचा अंश मोठा आहे, आणि वस्तुस्थितीही तिला फारसा आधार देत नाही. २०१३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यावसायिक पोकरपटूंच्या लहान चित्रफिती सामान्य लोकांना दाखवून, त्यांचे पत्ते किती चांगले असतील असे विचारले. केवळ चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज निव्वळ योगायोगापेक्षाही वाईट ठरले. केवळ हातांची हालचाल पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र बरे निघाले. चेहऱ्याला आपण पहारा बसवितो. पण चिप्स पुढे सारणारा हात किती सहज चालतो, ते लपत नाही. माइक कॅरो ह्या जाणकाराने १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात तर असे नोंदविले आहे की एकाएकी कापू लागलेला हात बहुधा हुलकावणीचे नव्हे, उत्तम पत्त्यांचे लक्षण असतो. म्हणजे आपल्या ज्या कंपाची आपण लाज बाळगतो, त्याचा अर्थ समोरचा अनेकदा उलटाच लावतो.

ह्या भयावर उपाय धिटाईचे सोंग घेणे हा नव्हे. २०१४ साली अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स ह्या संशोधिकेने दाखविले की धडधडत्या छातीला बळेच शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा, त्याच धडधडीला उत्सुकता असे नाव देणाऱ्यांचे गायन, भाषण व गणित अधिक चांगले झाले. सावकाश श्वास घ्यावा, प्रत्येक बोलीपूर्वी तितकाच वेळ थांबावे, आणि लक्ष स्वतःवरून काढून समोरच्या कामावर ठेवावे. जो स्वतःला विसरला त्याला पाहिले जाण्याचे भय उरत नाही. नम्रता हा केवळ सद्‌गुण नसून उपयुक्त साधनही आहे, ते असे.

उरते ते तिसरे भय, आणि खरा प्रश्न तेथेच आहे. प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' ह्या ग्रंथात गायजीस नावाच्या मेंढपाळाची कथा योजिली आहे. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि कोणी पाहत नाही म्हटल्यावर तो कोणतेही कृत्य करावयास मोकळा होतो. पडदा ही तशीच अंगठी आहे. फरक इतकाच की ती दोघांनाही अदृश्य करते. मी दिसत नाही, हे तर खरेच. पण ज्याचे पैसे मी घेतो तोही मला दिसत नाही. दिसते एक टोपणनाव आणि एक आकडा. आकडा शून्यावर आला की दुसरा आकडा येऊन बसतो. टेबलावर मात्र तो आकडा घाम पुसतो, घड्याळ पाहतो, उरलेल्या चिप्स पुनःपुन्हा मोजतो. पोकरमध्ये संपत्ती निर्माण होत नाही. जिंकणाऱ्याची प्रत्येक चिप कोणाच्या तरी पुढ्यातून आलेली असते, आणि गृहाचा वाटा त्यातून आणखी वजा होतो. हे सत्य पडद्यावरही तेवढेच खरे होते; मात्र त्याला तेथे चेहरा नव्हता.

एमान्युएल लेव्हिनास ह्या तत्त्वज्ञाने १९६१ सालच्या आपल्या प्रमुख ग्रंथात असे प्रतिपादन केले की दुसऱ्याचा चेहराच आपल्यावर पहिले नैतिक बंधन घालतो. कोणताही युक्तिवाद सुरू होण्यापूर्वी तो आपल्याला अडवितो. हे मान्य केले, तर टेबलाशी होणाऱ्या कंपाचा एक अंश भित्रेपणा नसून ओळख आहे असे म्हणावे लागेल. समोर माणूस आहे, हे शरीराला बुद्धीच्या आधी कळलेले असते.

ह्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की टेबलाशी बसलेला प्रत्येक जण स्वेच्छेने आला आहे. हुलकावणी ही नियमांनीच मान्य केलेली आहे, म्हणून ती असत्य नव्हे. हे बरोबर आहे. फाराला फसविले असे कोणी म्हणणार नाही, आणि त्याने स्वतःही तसे म्हटले नसते. परंतु संमती ही हरण्याची ऐपत असलेल्याची संमती असावी लागते. घरभाड्याची रक्कम घेऊन बसलेल्या माणसाची संमती शब्दाने पूर्ण असली तरी अर्थाने अपुरी असते. तो तसा आहे की नाही, हे पडद्यावर कळण्याचा मार्गच नाही. टेबलावर ते निदान डोळ्यांना दिसू शकते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. समोरासमोर असण्याने विवेक जागा होतो, ह्याला पुरावा काय? महाभारतातील द्यूत भरसभेत झाले. वडीलधारे सारे उपस्थित होते, आणि तरीही अनर्थ टळला नाही. क्रूसाच्या पायथ्याशी शिपायांनी वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मरणाऱ्याचा चेहरा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. म्हणून हे कबूल केलेच पाहिजे की चेहरा समोर असणे पुरेसे नाही. तो पाहावा लागतो. उपस्थिती संधी देते, दृष्टी देत नाही. काळ्या चष्म्याआड डोळे लपविण्याची टेबलावरची रीत इतरांनी आपल्याला वाचू नये म्हणून आहे. पण सवयीचा चष्मा चढला की आपल्यालाच कोणी दिसेनासे होते.

तेव्हा उत्तर असे निघते: अपरिचयाचे भय अभ्यासाने घालवावे, प्रतिष्ठेचे भय नम्रतेने घालवावे, आणि तिसरे घालवू नये. पहिली दोन निघून गेली म्हणजे तिसऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो ऐकून कोणी टेबलावरून उठेल. कोणी खेळत राहील, पण शेजारच्याने तिसऱ्यांदा पैसे मागविले तेव्हा त्याला हिणविणार नाही, हवी तर डाव थांबविण्याची वाट काढून देईल. जुगार त्याज्य मानणाऱ्या वाचकालाही ह्यात शिकण्यासारखे आहे. कारण पडद्याआडून पैशाचाच नव्हे, शब्दांचाही खेळ चालतो. भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा २०२५ साली संसदेने संमत केला. पण न दिसणाऱ्या माणसाशी न डगमगता वागण्याची सवय कोणत्याही कायद्याने जात नाही. घरातील तरुण मुलगा पडद्यावर निर्भय आणि माणसांत भयभीत दिसू लागला, तर त्याला केवळ धीट होण्याचा उपदेश करू नये. माणसांसमोर वाटणाऱ्या त्या संकोचात काय टाकावयाचे आणि काय जपावयाचे, हे त्याच्याजवळ बसून त्याच्याबरोबर निवडावे.